येसूआत्याचा राब

कशेळ्याची माझी येसूआत्या कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. नवरा गेल्यावर भातशेती तिनं एकटीनं ओढली. राब भाजावा तर तिनंच. पेरणीआधी शेण, पाला, गवत पसरून वाफा भाजायचा आणि मग बी फेकायचं. तिचं रोप असं तरारायचं की लोक बांधावर थांबून बघत.

पंचाहत्तर साली तिच्या गालात आतून गाठ आली. त्याच बाजूला ती जन्मभर मशेरी लावायची. मी मोहोपाड्याला कारखान्यात; मुंबईची माहिती काय ती मलाच. मी आणि तिची मुलगी चंद्रभागा, आम्ही तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं. ऑपरेशन तिनं हूं की चूं न करता सोसलं. पण उरलंसुरलं जाळायला आता किरणांचा शेक द्यायचा, असं कळल्यावर ती ताडकन उठून बसली.

"भाजायचं? नाय रं बाबा. भाजल्यावर तर रोप जोरात येतं. गाठ काय पोसायची हाय मला?"

मी कपाळाला हात लावला. समजावून थकलो, चिडलो, शेवटी घाबरलो. शेक घेतला नाही तर गाठ परत येईल, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मग मी त्यांनाच राब म्हणजे काय ते सांगितलं.

डॉक्टर तिच्या खाटेशी बसले. "येसूबाई, राब भाजला की तणाचं काय होतं?"

"मरतं की."

"आणि रोप कुठून येतं?"

"आमी बी फेकतो तवा."

"मग झालं तर. शेकानं तण मरेल, मशेरीचं बी तुम्ही पुन्हा टाकू नका. गाठ एकटी वाढत नाही, भोवतालचं मांस तिला पोसतं. मशेरीनं रोज चरचरणारा, सुजलेला गाल म्हणजे तिला आयती जमीन."

आत्यानं चंद्रभागेपुढे हात केला.

"तुझी मशेरीची डबी दे."

"मला काय झालंय गं आये?"

"काय व्हायच्या आदीच मागते. दे."

चंद्रभागेनं कमरेची डबी काढून तिच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आत्या आपल्या पायानं शेकाला गेली, आणि पुढं बरीच वर्षं माझ्याशी भांडायला जगली. चंद्रभागेच्या गालात गाठ आलीच नाही.