उजवा कौल

लेखन विद्यापीठात शिकता येतं का, असं लोक विचारतात. येतं. मी शिकले, आणि तिथे सगळ्यांनी वाखाणलेल्या गोष्टीचीच आज मला लाज वाटते.

मला आई नव्हती. वडील होते, पण मालवणजवळच्या आमच्या घरी काकीनंच मला वाढवलं. काका प्यायला की त्याचा तिच्यावर हात उठायचा. मी आठ वर्षांची असताना काकी एका सकाळी मला घेऊन देवळात गेली, कौल लावायला. गुरवानं देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. काकीनं हळूच विचारलं, "माहेराक जातंय, परत येवचंय नाय. जांव मा?"

उजवी पडली. आम्ही घरी आलो. काकीनं चुलीवर पेज ठेवली, आणि ती कुठेच गेली नाही.

सर्जनशील लेखनाच्या वर्गात मी हेच लिहून वाचलं. सर म्हणाले, "देव जा म्हणतो आणि बाई जात नाही? का?" मला सांगता येईना. इतक्या वर्षांत काकीला ते विचारावं असं मला सुचलंच नव्हतं. तेव्हाही फोन करता आला असता. त्याऐवजी मी कळी डावीकडून पाडली. देवानं अडवलं म्हणून बाई राहिली, असं केलं. सगळे वाहवा करू लागले. मीही फुशारले. पुढे त्याच कथेवर माझं पुस्तक निघालं.

नावं मी अर्थातच बदलली होती. गावात नावानं कोण कोणाला ओळखतं? घरामागची पाण्याची बाव, अंगणातलं वाकडं रतांब्याचं झाड आणि नवऱ्याची दारू एवढं लिहिलं की झालं. ज्या गुरवानं सगळं कानांनी ऐकलं होतं, त्यानं जन्मभर ब्र काढला नाही. मी मात्र छापून मोकळी झाले.

मालवणात प्रकाशन झालं तेव्हा काकी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. तिनं पुस्तक घरी नेलं आणि चष्मा लावून सावकाश वाचलं. त्याच आठवड्यात बाजारात मासे विकणारी एक ओळखीची बाई तिला म्हणाली, "गरीब गो तू. देवान अडवल्यान, नायतर सुटलं असतंस."

पुढच्या वेळी मी घरी गेले तेव्हा ती कोकमं वाळत घालत होती. मला वाटलं, घरातलं चव्हाट्यावर आणलं म्हणून बोलेल. मी माफीची वाक्यंही तयार ठेवली होती, चांगली घडवलेली.

"लिवलंस ता लिवलंस," ती म्हणाली. "पण माजो कौल कित्याक फिरवलंस? देवान जा म्हणान सांगितल्यान. मीच नाय गेलंय. घराक येताना वाटेर तुका माजो पदर धरून चलताना बगलंय. माहेराक तुका नेवक मेळाचा नाय, तुज्या बापाशीन नेवक दिल्यान नसता. मगे खंय जातलंय?"

माझी घडवलेली वाक्यं दुसऱ्याच गोष्टीसाठी होती. तिनं आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या मनानं केली होती, ती माझ्यासाठी. आणि मी ती काढून देवाच्या नावावर लावली होती, कथा बरी दिसावी म्हणून. मला तिच्याकडे बघवेना.

कोकमं पसरता पसरता तिनं विचारलं, "आता बदलूक येता?"

"दुसरी आवृत्ती निघाली की बदलते," मी म्हटलं.

"कधी निघतली?"

पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे अजून प्रकाशकाकडे पडून आहेत, हे मला सांगवलं नाही. "निघेल लवकर," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि उरलेली कोकमं पसरली.