राठोडांच्या दारावरचे हात

पाट आमच्या घराला नवा नव्हता. आमची आजीच पाटाची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न लागून आलेली. पण पुलगावात माझे दोन ट्रक उभे राहिले नि थोरल्या काकांना, म्हणजे मोठेबाबांना, एकदम आठवलं की आपण मूळचे राजपूत! बहीण वच्छला विसाव्या वर्षी विधवा झाली. अल्लीपूरच्या एका विधुरानं, कापसाच्या जिनातल्या फिटरनं, तिला मागणी घातली. मोठेबाबा गरजले, "राजपुताच्या घरी पाट नाई लागत!" वच्छलानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "चाल वच्छे, हे राजपूत पाहूनच येऊ."

भुसावळ, खंडवा, तिथून लहान लाइननं अजमेर, मग मारवाड जंक्शनहून जोधपूर. सोबत दशम्या नि मातीची सुरई न्याच. वाळू दातांत येते. धर्मशाळा स्वच्छ आहेत. टांग्याचा भाव मात्र आधी ठरवा.

किल्ला पाहून डोळे फाटतात, खोटं कशाला बोलू? चौकीदारानं राठोड राजांची माळ सुरू केली. कोणी मोगलांशी लढला, कोणी मोगलांचाच सेनापती झाला. दोघांचाही त्याला सारखाच अभिमान. किल्ल्याच्या पायाभरणीत एक माणूस जिवंत गाडला, हेही त्यानं कौतुकानंच सांगितलं. माझं डोकं तापायला लागलं होतं.

मग लोखंडी खिळ्यांचं दार आलं. बाजूला भिंतीवर बायकांचे हात कोरलेले, शेंदूर नि वर्ख लावलेले. राजामागं सती गेलेल्या राण्यांचे.

"हँसते-हँसते गई थीं, सेठजी!"

तू होता का पाहायला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो वच्छलाच्या कोऱ्या कपाळाकडे पाहून म्हणाला, "माथा टेको, बाई. पुण्य लगेगा."

तिनं माथा टेकला नाही. एका हातावर आपला पंजा ठेवला. "दादा, हा माह्याहून लायना हाय वो. पोरगीच असन ते." मग त्याच्याकडे वळली. "और रानी मरी तो राजा भी जलता था?"

चौकीदार हसला. "राजा काहे को? वो तो दूसरा ब्याह करते थे."

"म्हणजे राजाले पाट चालते," वच्छला म्हणाली. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर पाहत होती. मान ताठ.

घरी मोठेबाबा बाजेवर बसलेलेच. "पाह्यले का आपले राजपूत?"

"पाह्यले, मोठेबाबा," वच्छलाच बोलली. "त्याइच्या बाया दारावर हात ठेवून गेल्या. मी बी जातो. अल्लीपूरले."

पाट अंधारात, गावाबाहेर लावायची रीत. आम्ही भर दुपारी, अंगणात, वाजंत्री लावून लावला. निघताना वच्छलानं हळदीचा हात आमच्या चौकटीवर उमटवला नि हसत बैलांच्या दमणीत चढली. हे हसणं मात्र मी स्वतः पाहिलं.

दमणी वळते न वळते तोच मोठेबाबा ओलं फडकं घेऊन उठले.

मी दारात आडवा उभा राहिलो. "पुसून तं पाहा."