मागच्या भिंतीचा बर्फ

फ्रीजवाल्या मामांच्या कामाला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. कॉम्प्रेसरवर तळहात टेकवला की त्याचं काय दुखतंय ते त्यांना कळायचं. स्वतःचं मात्र तपासणीच्या कागदाने सांगितलं. मधुमेह होताच, आता किडनीही कुरकुरत होती, लघवीतून प्रथिनं जात होती.

"काका, गोळ्या चालू ठेवा, पण आता इंजेक्शन हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सोबत भाची होती. "इन्सुलिन साखर उतरवतं, पण हृदयाला आणि किडनीला त्याचा वेगळा आधार मिळतो असं दिसलेलं नाही. दुसऱ्या जातीची इंजेक्शनं आहेत. त्यातलं रोजचं हृदयासाठी चांगलं ठरलंय, किडनीबद्दलचा पुरावा तोकडा आहे. आठवड्यातून एकदाचं घेणाऱ्यांत दोन्हीकडची हानी कमी झाली. तुम्हाला मी तेच देते. सुरुवातीला मळमळेल."

"त्याची सवय आहे त्यांना, मामीच्या हातचं खातात," भाची म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "फ्रीजमध्ये ठेवा, पण मागच्या भिंतीला टेकवू नका. एकदा गोठलं की औषध वाया जातं. वरून कळतही नाही."

मामांना ताईचा फ्रीज आठवला.

ताई म्हणजे भाचीची आई. इन्सुलिनवर होती. सात वर्षांपूर्वी तिच्या फ्रीजचं बटण मामांनीच शेवटपर्यंत फिरवलं होतं आणि औषधाचा खोका मागे सरकवला होता. 'जितकं गार, तितकं टिकेल,' असं वर ऐकवलंही होतं. त्यानंतर साखर उतरेचना. डोस वाढत गेला, घरचे ताईच्या मागे लागले. चोरून गोड खातेस म्हणून मामाही तिला बोलले.

"मी खात नाही रे," एवढंच ती म्हणायची.

पुढे किडन्या गेल्या. दीड वर्ष डायलिसिस झालं, मग ताईही गेली. तिचा फ्रीज मामांनी घरी आणला, तेव्हा मागच्या बर्फात चिकटलेला खोका त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढला आणि गुपचूप टाकून दिला. मनात पाल चुकचुकली होती. पण कुणाला विचारलं नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला की मात्र त्या घरघरीत त्यांना शब्द ऐकू यायचे. मी खात नाही रे.

घरी आल्यावर भाचीने औषध ठेवायला तोच फ्रीज उघडला. मामांनी तिचं मनगट धरलं.

"अहो, ठेवू द्या की तिला," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आत काय कुणी बसलंय?"

मामा स्टुलावर टेकले. बटण, खोका, बर्फ, सगळं त्यांनी भाचीला सांगितलं. "त्यानेच किडन्या गेल्या का, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण मी विचारायला हवं होतं, पोरी. हे पोटात ठेवून मी माझ्या किडन्या कशा वाचवू?"

भाचीने फ्रीजच्या आत, मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आई खरं बोलत होती."

"हो."

"साखरेच्या डब्याला कुलूप मी लावलं होतं, मामा. किल्ली माझ्या पर्समध्ये असायची."

तिने बटण मधोमध आणलं, औषध दाराच्या कप्प्यात ठेवलं. "तुम्ही हे घ्यायचं. दर रविवारी येऊन मी बघणार," ती म्हणाली आणि दार लावलं.

कॉम्प्रेसर सुरू झाला. दोघंही तिथेच थांबली. आता त्या घरघरीतले शब्द तिलाही ऐकू येत होते.