तालुक्याचे सरन्यायाधीश

साक्षीदाराचा शब्द बदललेला आमच्या साहेबांना खपत नसे. एखादी म्हातारी "लई हानलं" म्हणाली आणि वकिलांनी "जबर मारहाण केली" असं सुचवलं, की साहेब लिहिता लिहिता थांबत. "वकीलसाहेब, मार तिनं खाल्लाय. शब्दही तिचाच राहू द्या."

ते आमच्या तालुका कोर्टाचे तरुण न्यायाधीश, मी त्यांचा बेंच कारकून. बाररूममध्ये वकील त्यांना टोमण्याने 'सरन्यायाधीश' म्हणत. हे कानावर आलं तेव्हा ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, दिल्लीला कळवू नका. तिथली जागा सध्या भरलेली आहे." पण टोमणे मारणारेही खासगीत कबूल करत, की हा माणूस हायकोर्टात जाणार, आणि आयुष्य पुरलं तर खरंच दिल्लीला.

पक्षकाराच्या दारात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. तो एकदाच मोडला.

बाहत्तरच्या दुष्काळात तिसगावकडच्या एका विधवेने दावा लावला. शेजारचा पुढारी तिच्या विहिरीवर इंजिन बसवून आपली मोसंबीची बाग जगवत होता. साहेब स्वतः विहीर पाहायला गेले. पाहणी उरकून वकील निघून गेले; आम्ही दोघे एस.टी.च्या वेळेपर्यंत बाईच्या अंगणात थांबलो. बाई गूळ-पाणी घेऊन आली. साहेब नको म्हणाले.

"दुष्काळ हाय म्हून पानी बी नगं म्हनता व्हय? हिरीनं तळ गाठला, पर दारी आल्यालं मानूस आमी कोरडं धाडीत न्हाई."

साहेबांनी उभ्यानेच गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायले. वाटेत म्हणाले, "त्या बाईपुढं नेम मिरवायची लाज वाटली. रोजनाम्यात हे लिहा."

मी लिहिलं नाही. कोर्टाच्या कागदावर साहेबांचं गूळ-पाणी कशाला, असं मला वाटलं. मी त्यांची अब्रू सांभाळत होतो! सही करताना त्यांनी वाचलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

मनाई हुकूम झाला, इंजिन निघालं. मग पुढाऱ्याने वर अर्ज केला: न्यायाधीश वादीच्या घरी जेवले. चौकशीआधी त्याचा माणूस माझ्याकडे आला. "तुमचा धाकटा भाऊ बसूनच हाय न्हवं? दुष्काळी कामावर हजेरी कारकून पायजे."

चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "जेवण झालं होतं का?"

मी म्हणालो, "मी बाहेर होतो. आतलं सांगता येणार नाही."

मी बाहेर होतो हे खरं. पण साहेबही बाहेरच होते. आत कोणी गेलंच नव्हतं. साहेबांनी पाणी घेतल्याचं आपणहून सांगितलं, पण रोजनाम्यात पाण्याचा उल्लेख नव्हता. हेच लपवलं, तर आणखी काय काय लपवलं असेल, असा शेरा पडला. बढती गेली. साहेबांनी राजीनामा दिला.

त्याच, म्हणजे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दिल्लीत ज्येष्ठांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले. बाररूममध्ये न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यावर तावातावाने भाषणं झाली. आमच्या साहेबांविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

साहेब गाव सोडून गेले त्या दिवशी स्टँडवर मी एकटाच होतो. त्यांची ट्रंक मी टपावर चढवून दिली. खाली उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं,

"भावाला काम लागलं का?"

"हो, साहेब."

"बरं झालं," ते म्हणाले. "घरात खाणारी तोंडं बरीच आहेत तुमच्या."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो पन्नास वर्षं शोधतो आहे.