मामीच्या पत्रकातला मी गाळलेला परिच्छेद

मैत्रिणींनो, आज सकाळी मामीला घेऊन दवाखान्यात गेले होते. आल्यापासून तेच डोक्यात आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

मामीचं गर्भाशय खाली उतरून अंग बाहेर येत होतं. काही महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गर्भाशय वर धरून ठेवणारी जाळी बसवायचं ऑपरेशन सुचवलं आणि माहितीचं पत्रक दिलं. आमच्या भागात असे कागद गुजरातीतच मिळतात, तेही गुजरातीत होतं. मामीचं माहेर जळगावचं, तिला मराठीच वाचता येतं. म्हणून टोकरखाड्याला, मामीच्या घरी मी ते तिला मराठीत सांगत होते. समोर मामा बसले होते. ऑपरेशनऐवजी योनीत बसवायच्या रिंगचा आणि व्यायामांचा परिच्छेद आला, तेव्हा मला लाज वाटली. "पुढे असंच आहे," म्हणून मी पान उलटलं.

मामीनं होकार दिला, ऑपरेशन झालं, आणि आता तिला बसताना दुखतं. आज डॉक्टर म्हणाल्या, जाळी आत रुजते, पूर्ण काढणं अवघड असतं. मग त्यांनी विचारलं, "रिंग, व्यायाम, हे पर्याय वाचले होते ना?"

"हो तर. भाचीनं अख्खं वाचून दाखवलं," मामी म्हणाली. "मराठी अक्षरं मीच शिकवली तिला घरी. एक ओळ सोडायची नाही ती."

परतताना रिक्षात मी तिला खरं सांगून टाकलं.

"तुझ्या मामाला दुकानात धाडायचं होतंस ना, बाई," मामी म्हणाली. "मी आधी रिंगच लावून पाहिली असती."

तुमच्या घरी असे कागद कोण वाचून दाखवतं? आणि तेव्हा खोलीत कोण कोण बसलेलं असतं?