मामाजींची जगबुडी

माझ्या सासऱ्यांइतकी विज्ञानावर श्रद्धा असलेला दुसरा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हे मी, तुमसरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवणारा मास्तर, सांगतो आहे. श्रद्धा हा शब्द विचार करूनच वापरला. आम्ही मास्तर विज्ञान शिकवतो आणि घंटा झाली की विसरतो. मामाजी ते पाळतात, जशी कुणी एकादशी पाळावी तसं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मोहाडीपासून सायकलने अर्ध्या तासावर त्यांचं गाव आहे, गावाला लागून तलाव आणि तलावाखाली त्यांची चार एकर धानाची शेती. घास बत्तीस वेळा चावावा असं रेडिओवर कधीतरी कुणी सांगितलं, तेव्हापासून मामाजी बत्तीस वेळा चावतात, मोजून, आणि मोजत असल्यामुळे जेवताना बोलत नाहीत. त्यांच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्याचा हात वाळून जातो. पाणी वीस मिनिटं उकळावं असं कळलं, तर एकोणिसाव्या मिनिटाला चूल विझली म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं धरली. ग्रहणात गाव दारं लावून उपाशी बसलेलं असताना हे अंगणात बसून पोहे खात होते. भूक नव्हती, पण विज्ञानाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी होती.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. चहा पुढे करून एकच प्रश्न केला, बर्फ पाण्यावर काहून तरंगते? माझ्यासोबत आलेले काका गांगरले. मी उत्तर दिलं. मामाजी आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, "जमलं." माझं लग्न हे असं पाच गुणांच्या प्रश्नावर ठरलेलं आहे, आणि त्याचा धक्का अजून पुरता ओसरलेला नाही.

या माणसात खोट एकच होती आणि ती मला फार उशिरा दिसली. गोष्ट कशावरून खरी, हे ते विचारत नसत. कुणी सांगितली, एवढंच विचारत. सांगणारा रेडिओतून बोलला, वर्तमानपत्रात छापून आला किंवा पांढरा कोट घालून उभा राहिला, की मामाजींच्या लेखी विज्ञान झालं. सासूबाईंचं नेमकं उलट होतं. त्यांना कुणाच्या सांगण्याचं काही नव्हतं. भात शिजला का, ते त्या शीत दाबून पाहत.

दोन हजार बाराच्या दिवाळीनंतरची गोष्ट. धान कापून झालं होतं, घरावर नवीन डिश अँटेना लागली होती. रविवारी मी गेलो तर मामाजींनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि संध्याकाळची एसटी बंद झाल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं, "जवाईबापू, एकवीस डिसेंबरले जग खतम होऊन रायलं."

मला वाटलं थट्टा आहे. पण मामाजी विज्ञानाच्या बाबतीत थट्टा करत नाहीत. कुठल्याशा हिंदी चॅनेलवर त्यांनी रोज संध्याकाळी बसून सगळं ऐकलं होतं. अमेरिकेकडची माया नावाची जुनी माणसं, त्यांचं हजारो वर्षांचं कॅलेंडर, ते त्या दिवशी संपतं, मग एक ग्रह येऊन धडकतो. लाल अक्षरं, ढोल, आणि मधेच एक पांढऱ्या कोटातला माणूस. तो पांढरा कोट माझ्या मुळावर आला. मी हादरलोच. गावातला ग्रहणात जेवणारा एकुलता एक माणूस जगबुडीवर विश्वास ठेवून बसला होता, आणि तोही विज्ञानाच्या नावाने.

मी समजावायला लागलो. म्हटलं, मामाजी, आपल्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा एकतीस डिसेंबरला संपतं, आपण नवीन आणून लावतो, तसंच ते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, आपलं कॅलेंडर छापणारा जिवंत हाये, म्हनून नवीन भेटते. मायावाल्याईचं छापणारा कोन उरला? मी बी.एस्सी. झालेला माणूस, त्या दिवशी चहा संपवून घरी निघालो.

मामाजींची तयारी सुरू झाली, पण घबराट अशी काही नव्हती. परगावी जाणारा माणूस घर आवरतो तसे ते आवरत होते. अकरा वर्षांपूर्वी शेजाऱ्याकडून आणलेला विळा त्यांनी धार लावून परत केला. शेजारी बिचारा तो हरवला म्हणून केव्हाच विसरला होता. चुलतभावाशी धुऱ्यावरून वीस वर्षांचा अबोला होता. बांधाच्या एका हाताच्या पट्टीसाठी दोघं तहसील कचेरीत उभे राहिलेले. एका सकाळी मामाजी त्याच्या घरी गेले आणि ती पट्टी तू घे म्हणाले. चुलतभाऊ इतका घाबरला की त्याने सासूबाईंना येऊन विचारलं, दादाले काही मोठा आजार तं नाही निघाला ना? घराची कवेलू, म्हणजे कौलं, फिरवायची होती, ती मामाजींनी रद्द केली. सासूबाई मात्र रोज शेतात जाऊन धानाच्या धसकटांत उगवलेलं लाखोरीचं पीक पाहून येत. जग संपणार असेल तर लाखोरीचं काय, असं मी त्यांना गमतीने विचारलं. त्या म्हणाल्या, "मले कोनी काई सांगितलं नाई. सांगितलं तं पाहू."

डिसेंबरचा पहिला आठवडा संपता संपता मी पुन्हा गेलो, तर मामाजींच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. पुरावा मिळाला होता. "आता टीव्हीचं सोडा," ते म्हणाले, "मी सोता पाहून रायलो. दिवा लावला का बल्बाभोवती कडं दिसते. सात रंगाचं. चंद्राभोवतीबी दिसते." डोकंही दुखतं, मळमळतं, पृथ्वीचं चुंबकत्व फिरायला लागलं असेल, असं त्यांनी पुढे सांगितलं.

मला हसू आलं. खरं सांगायचं तर आनंदही झाला, कारण अखेर प्रश्न माझ्या विषयातला निघाला होता. डिसेंबरचा महिना, शेजारी तलाव, संध्याकाळचं धुकं. हवेत पाण्याचे बारीक कण असतात, त्यांतून प्रकाश जाताना रंग वेगळे होतात आणि कडं दिसतं, असं मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकृती काढून समजावलं. डोकेदुखी टीव्हीची, हेही सांगून टाकलं. सासूबाई चहाचे कप ठेवत होत्या. ठेवता ठेवता म्हणाल्या, "मले तं बल्ब बल्बासारखाच दिसते." आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मामाजी माझी आकृती पाहत होते आणि मी मामाजी आकृती पाहताहेत ते पाहत होतो. मान वर करून त्या बल्बाकडे एकदा बघावं, एवढंही मला सुचलं नाही.

एकवीस तारखेला शुक्रवार होता. मी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि तुमसरहून पेढ्यांचा डबा घेऊन निघालो. जग न संपल्याबद्दल पेढे वाटायचे, मामाजींना प्रेमाने चिडवायचं आणि त्यांना पुन्हा माणसांत आणायचं, असा बेत होता. मामाजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून अंगणात खाटेवर बसले होते. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. चुलतभाऊ बिडी ओढत बांधावरची पट्टी आता कायमची आपली झाली का, या विचारात बसला होता. दुपार झाली. उन्हं कलली. गाई घरी आल्या. तलावाच्या पाळीवरून ढिवरांची माणसं जाळी खांद्यावर टाकून परतली आणि त्यांच्यापैकी एकाने जाता जाता विचारलं, का जी, झालं का खतम? सगळे हसले. मीही हसलो. डबा उघडून मी मामाजींच्या डाव्या हाताशी धरला आणि म्हटलं, घ्या मामाजी, नवीन जगातला पहिला पेढा.

मामाजींनी हात पुढे केला, तो डब्याच्या वीतभर पलीकडे. हवा चाचपली. मग हळूच मान पूर्ण वळवून त्यांनी डबा पाहिला.

"तुमी हासून रायले, जवाईबापू," ते म्हणाले, "पन डाव्या बाजूनं तं चार दिवसांपासून संपलंच हाये ना."

मला कळेना. मी विचारलं, संपलं म्हणजे काय. ते म्हणाले, अंधार हाये. मग आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून आळीपाळीने नजर फिरवत हलक्या आवाजात म्हणाले, "मले वाटलं, साऱ्याईलेच दिसून रायलं. भेवानं कोनी बोलून नाई रायलं."

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. मी माझ्या आयुष्यात इतका हादरलो नव्हतो. चार दिवस हा माणूस एकटाच जग विझताना पाहत होता आणि आपल्या बोलण्याने इतरांची भीती वाढू नये म्हणून गप्प बसला होता. मी उठून त्यांच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि तोंडासमोर बोटं धरली. किती बोटं, असं विचारलं. त्यांनी विचारलं, बोटं धरली का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे होतो. वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी डोळ्यातला दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि काचबिंदू म्हणाल्या. डावा डोळा गेला, तो आता परत येणार नाही. उजव्यातही दाब चढतो आहे, त्याची शस्त्रक्रिया लगेच करावी लागेल. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, बाबा, दिव्याभोवती रंगीत कडं दिसत होतं का? डोकं दुखत होतं, मळमळत होतं? मामाजी हाव म्हणाले. बाईंनी पेन थांबवलं. तेव्हाच आला असतात तर डोळा वाचवता आला असता, त्या म्हणाल्या. कोणाला सांगितलं नव्हतं का?

मी खाली पाहत होतो. फरशीवर पांढरे-काळे ठिपके होते, ते मला अजून आठवतात. सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामाजी बोलले.

"नाई," ते म्हणाले. "कोनालेच नाई सांगितलं."

मामाजींना विज्ञानाच्या माणसासमोर खोटं बोलताना मी ऐकलं ते तेवढंच. बाहेर आल्यावर मी त्यांची माफी मागायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. टीव्हीवाल्याचं मी आयकलं, तुमी काय करान, असं म्हणाले आणि चहा पाजा म्हणाले. मला माहीत होतं की टीव्हीवाल्याने त्यांना ग्रह सांगितला होता. कड्याचं उत्तर माझं होतं.

उजवा डोळा वाचला. मामाजी आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेले, एका डोळ्यावर सगळं चालू आहे. मला वाटलं होतं, या धक्क्याने त्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल, ते पोथ्यापुराणांकडे वळतील. तसं झालं नाही. फक्त एक नवीन सवय लागली. काहीही ऐकलं की ते आधी सासूबाईंना हाक मारतात, तुले दिसते का तसं, असं विचारतात, आणि त्या काय म्हणतात ते ऐकून मगच पुढे जातात. कोरोनाची लस आली तेव्हा गावात कोणी हात पुढे करेना. लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो, असं मोबाईलवर फिरत होतं. मामाजी शाळेच्या व्हरांड्यात गेले आणि नर्सबाईसमोर पाऊण तास बसले. तुम्ही घेतली का, कधी घेतली, हात किती दिवस दुखला, ताप आला का, तुमच्या घरी कोणी घेतली, घेऊन कोणाला त्रास झाला तर तुम्ही काय करता. नर्सबाई रडकुंडीला आल्या. मग मामाजींनी बाही वर केली. कुणीतरी मागून म्हणालं, याच बुढ्याने जगबुडी होणार म्हणून सांगितलं होतं. मामाजी वळले. हाव, म्हणाले, तवा म्या काईच इचारलं नव्हतं, डोळा गेला. आज इचारून रायलो. गाव थोडा वेळ चुळबुळलं. मग धुऱ्यावाला चुलतभाऊ रांगेत येऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागे हळूहळू बाकीचे.

मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा संध्याकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर फिरायला निघालो. मी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूने चालतो. पलीकडच्या काठावर काहीतरी पांढरं पांढरं दिसत होतं. मामाजी थांबले आणि विचारलं, "ते बगळे हायेत का कोनी कपडे वाळू घातले?" मी डोळे बारीक करून पाहिलं. माझाही चष्म्याचा नंबर यंदा वाढला आहे. म्हटलं, मामाजी, मलाही कळत नाही, जाऊन पाहू. पाळ लांब होती, त्यांचा पाय आता दुखतो, माझ्या खांद्यावर हात ठेवून ते मधे मधे थांबत होते. अर्धा तलाव वळून आम्ही तिथे पोचलो तेव्हा काठावर काहीच नव्हतं. नुसतं पाणी आणि गवत.

मामाजी म्हणाले, "म्हनजे बगळेच. कपडे उडून नसते गेले."

थोडं पुढे गेले, पुन्हा थांबले. "पन वारा होता," ते म्हणाले. आणि गुडघ्यावर हात टेकून, चिखलात बगळ्यांची पावलं उमटली आहेत का ते पाहायला, हळूहळू खाली वाकले. मीही वाकलो.