सासऱ्यांशी विमानावरून

माझे सासरे मोठ्यानं बोलतात, आणि त्यांच्याशी बोलणाऱ्यालाही मोठ्यानंच बोलावं लागतं. जबलपूरच्या फॅक्टरीत धातू ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी त्यांची सगळी नोकरी गेली, आणि जाताना कानांतलं बरंच काही घेऊन गेली. श्रवणयंत्र ते लावत नाहीत. म्हणतात, त्यातून सगळेच लोक रेडिओवरून बोलल्यासारखे वाटतात. त्यामुळे इथल्या घमापूर भागातल्या आमच्या घरात काहीही खाजगी राहत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी समोरच्या किराणावाल्याला कळतं.

मी नागपूरची. लग्नानंतर इथे आले आणि रेल्वेच्या भांडार खात्यात लागले. आता खरेदीच्या टेबलावर आहे. कोणती वस्तू कोणाकडून घ्यायची, तो ती वेळेवर देईल का, बिघडली तर दुरुस्त कोण करेल, हे प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळतो. नवरा बँकेत आहे, बोलतो कमी. मुलगी कॉलेजात आहे. तिला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत येतं.

दर रविवारी सकाळी सासऱ्यांकडे, म्हणजे बाबांकडे, त्यांचे दोन जुने सोबती येत. दोघंही फॅक्टरीतलेच. पोहे, जलेबी, चहा आणि देशाचा कारभार. मागच्या वर्षी सीमेवर तणाव होता तेव्हा टीव्हीवर दिवसभर विमानं उडत होती, आणि आमच्या बैठकीतही तीच उडायला लागली. हवाई दलाची जुनी विमानं निवृत्त होत होती. त्यांच्या जागी नवीन कोणतं घ्यायचं, हा प्रश्न सरकारपेक्षा आधी आमच्या घरी सुटणार असं वाटत होतं. एक काका रशियाच्या बाजूचे. जुना दोस्त आहे, अडचणीत उभा राहतो, म्हणायचे. दुसऱ्या काकांना अमेरिकेचं पाहिजे होतं, ते रडारवर दिसतच नाही म्हणून. बाबा फ्रेंच विमानावर ठाम. दोन इंजिनं आहेत, एक बंद पडलं तर दुसरं पायलटला घरी आणते.

एका रविवारी चहाचा ट्रे ठेवताना मी विचारलं, "समजा घेतलं. काही वर्षांनी त्याचा एखादा भाग तुटला आणि त्या देशाशी आपलं बिनसलं असलं, तर तो भाग कोण देईल?"

तिघं माझ्याकडे वळले. मग अमेरिकावाले काका म्हणाले, "बेटा, हे मिक्सर नाही, बिघडला की नेपियर टाउनच्या दुकानात देऊन आलो."

दोन्ही काका हसले. बाबाही हसले. काकांचं हसणं मी सोडून दिलं असतं, बाबांचं लागलं. मी रोज सकाळी ज्या कामाला जाते ते हेच काम होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मी आत गेले नाही. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, "मिक्सर घेतानासुद्धा मी हेच विचारते, काका. विमान घेताना तर दहादा विचारीन. आता मला सांगा."

विषय क्रिकेटवर गेला. थोड्या वेळानं बाबांनी रिकामा कप उचलून माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. शेवटी नवरा उठला आणि चहा टाकायला गेला. नंतर मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "काहून त्यांच्या तोंडी लागून राहिली तू? म्हातारी माणसं आहेत."

"म्हातारी आहेत, लहान नाहीत," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी आधीच खुर्ची मांडून बसले. आठवडाभर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मिळेल ते वाचलं होतं. जितकं वाचलं तितकं माझं मत पक्कं होत गेलं. बाहेरचं आणखी एक विमान घेण्यापेक्षा सगळी ताकद आपल्या देशी विमानात घालावी, उशीर झाला तरी चालेल, असं माझं म्हणणं झालं. बाबांना ते अजिबात पटलं नाही. त्यांचं मत मला विचित्रच वाटायचं. ज्यानं आयुष्यभर देशी कारखान्यात घाम गाळला तो परदेशी मालाची बाजू घेतो आणि जी टेंडर काढते ती देशीसाठी भांडते. एकदा मी तसं बोलून दाखवलं.

"घाम गाळला म्हणूनच म्हणून राहिलो," बाबा म्हणाले. "एक वस्तू धड उभी राहायला किती वर्षं जातात ते मी पाहिलं आहे. कारखाना थांबू शकते, सूनबाई. वर उडणारा पोरगा थांबू शकत नाही. त्याला आजचं विमान आज पाहिजे."

हे उत्तर वजनाचं होतं.

हळूहळू भांडण रविवारपुरतं राहिलं नाही. मी मेथी निवडत असले की बाबा समोर स्टूल ओढून बसत आणि पहिला बाण सोडत. "तुझ्या त्या एका इंजिनाच्या देशी विमानाचं काय झालं?" मी ओरडून उत्तर देत असे. दोन्ही काकांना याचा कंटाळा आला. एकानं येणंच कमी केलं. बाबांना त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. सासूबाई गेल्यापासून ते दुपारी झोपून काढायचे. आता दुपारी चष्मा लावून वर्तमानपत्राची कात्रणं काढायला लागले होते, संध्याकाळी मला हरवायला.

गणपतीच्या आधी आमच्या मराठी मंडळाचे सचिव घरी आले. मंडळात दरवर्षी वादविवाद होतो. त्या वर्षीचा विषय ठरला होता, देशानं पुढचं लढाऊ विमान बाहेरून घ्यावं की स्वतः बनवावं. सचिव बाबांना वक्ता म्हणून बोलवायला आले होते.

"मी बाहेरून घ्या म्हणून बोलीन," बाबा म्हणाले. "विरोधात हिला घ्या."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळं हसले. "काकाजी, महिलांसाठी पाककला आहे ना. रांगोळी पण आहे. वहिनींनी त्यात भाग घ्यावा."

"मला पुरणपोळी येत नाही," मी म्हटलं. "विमानावर बोलता येतं."

ते खरोखर अडचणीत आले. सासरा आणि सून एका स्टेजवर समोरासमोर, हे कमिटीला आवडणार नाही, म्हणाले. सणाच्या दिवसांत घरातलं भांडण लोकांपुढे कशाला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. कमिटीनं मधला मार्ग काढला होता. वहिनींनी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करावं. म्हणजे माईकही मिळेल, तोही पूर्ण वेळ.

"सूत्र नको," मी म्हटलं. "बाजू द्या."

फोन ठेवल्यावर मी बाबांना सगळं ओरडून सांगितलं. त्यांनी स्वतः सचिवांना फोन लावला. तिकडचं उत्तर त्यांना ऐकू येणारच नव्हतं, म्हणून त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. "ती नाही तर मी पण नाही. अन् माझ्या विरोधात बोलायला दुसरा कोणी तयार असला तर त्याला आधी माझ्या घरी पाठवा, तिच्याशी बोलून जाऊ द्या." एवढं बोलून त्यांनी फोन बंद केला. मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासदांपैकी ते एक. आमची दोघांची नावं पत्रिकेत छापून आली.

त्या संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला होता. विमानासाठी कमी आणि आमच्यासाठी जास्त, हे मला कळत होतं. पुढच्या रांगेतल्या बायका माझ्या साडीकडे पाहत होत्या. नवरा मागच्या भिंतीला टेकून उभा होता, लागलंच तर पटकन बाहेर जाता यावं असा.

बाबा आधी बोलले. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "तहान लागल्यावर विहीर खोदत बसता येत नाही. शेजाऱ्याची घागर आणावी लागते." टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. पहिलं वाक्य बाबांकडे वळून, घरच्यासारखंच मोठ्यानं बोलले. "दर वेळी शेजाऱ्याची घागर मिळाली, म्हणून तर आपली विहीर अर्धी खोदून पडली आहे." मग माझ्या कामाचं सांगितलं. आपण वस्तू विकत घेतो तेव्हा विकणाऱ्याची मर्जीही विकत घेतो. तो रुसला की आपलं चाक थांबतं. रेल्वेचं थांबलं तर लोक स्टेशनवर बसून राहतात. युद्धात थांबलं तर बसायलाही जागा राहणार नाही.

तिसऱ्या का चौथ्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "वहिनी, जरा हळू. सासऱ्यांवर ओरडून राहिल्या तुम्ही."

हॉलमध्ये कुजबूज झाली. इतकी वर्षं मी घरात ओरडत होते, आणि बाहेरच्यांना ते कसं दिसत असेल हा विचार मी कधी केलाच नव्हता. बाबा शेजारच्या माणसाला विचारत होते, काय झालं, काय म्हणाला तो. त्यानं कानात सांगितलं. बाबा माईकशिवाय उठून उभे राहिले.

"ती हळू बोलली तर मला ऐकू येणार नाही. मग मी उत्तर कशाचं देऊ? आमच्या घरात मला ऐकू येईल असं बोलणारी ही एकच आहे. बोल, सूनबाई. आणखी मोठ्यानं बोल."

मी बोलले. आवाज खाली आणला नाही. सैन्याला जे पाहिजे त्यावर सामान्य माणसानं शंका घ्यावी का, असा प्रश्न एका तरुणानं विचारला. त्याला म्हटलं, "पैसा सामान्य माणसाचा आहे, मुलं सामान्य माणसाची आहेत. शंका दुसऱ्या कोणी घ्यायची?" यावर टाळ्या कमी पडल्या.

मग उत्तराच्या फेरीत बाबांनी मला धरलं. "अच्छा, एवढंच सांग सगळ्यांना. तुझ्या देशी विमानाचं इंजिन कुठून येते?"

ते बाहेरून येतं. हे बाबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि मेथी निवडताना त्यांनी हा प्रश्न एकदाही काढला नव्हता. खास या दिवसासाठी राखून ठेवला होता.

"बाहेरून येतं," मी म्हटलं. "म्हणून तर म्हणते, आधी ते बनवा." पण तोवर हॉल हसत होता.

हात वर करून मतं घेतली. बाबांच्या बाजूनं हातांचं रान उभं राहिलं. बाबांनी स्वतःसाठी हात वर केला होता, तोही दोन्ही. माझ्या बाजूनं माझी मुलगी होती, रांगोळीचं बक्षीस मिळालेल्या दोन बायका होत्या, मागच्या भिंतीशी माझा नवरा होता आणि आणखी थोडे लोक. नवऱ्याचा हात फार उंच नव्हता, पण वर होता.

घरी जाताना ऑटोत बाबा खुशीत होते. माझं कुठे चुकलं ते रस्ताभर सांगत होते, ऑटोवाल्यालाही ऐकू जाईल असं. मी तोंड फिरवून बसले होते. हरल्याचा राग होताच. मुलगी म्हणाली, "मम्मी, आप हारीं, पर सब आपको ही देख रहे थे." मी तिला म्हटलं, लोकांनी बघावं म्हणून नाही बोलले मी, पटावं म्हणून बोलले. आणि पटलं नाही तरी मी खोटी ठरत नाही. इंजिनाचा मुद्दा घेऊन मी आणखी वाचायला लागले. मत तेच राहिलं.

यंदा सचिवांचा पुन्हा फोन आला. कमिटीनं दोन गोष्टी ठरवल्या होत्या. विषय साधा ठेवायचा, मोबाईल शाप की वरदान. आणि एका घरातून एकच वक्ता घ्यायचा. नियम सगळ्यांसाठी आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आमच्याशिवाय कोणत्याच घरातून दोन वक्ते उभे राहिले नव्हते.

मला चीड आली. मंडळाच्या सभेत हा नियम हाणून पाडायचा, असं मी ठरवलं आणि बोललेही. तिथेही मतं घेतली, तिथेही मी हरले. बाबा माझ्या शेजारी बसले होते. अध्यक्षांनी नियम मंजूर झाल्याचं जाहीर केल्यावर त्यांनी मला खुणेनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं.

ते सचिवांकडे वळले. "एका घरातून एक. ठीक आहे. हिचं लिहा."

"काकाजी, तुम्ही नाही बोलणार?"

"मी श्रोत्यांत बसीन. श्रोत्यांनी प्रश्न विचारू नये, असा काही नियम केला का तुम्ही?"

तसा नियम नव्हता. कार्यक्रमाला ते सगळ्यात आधी जाऊन पहिल्या रांगेत, माईकच्या अगदी समोर बसले. मी मोबाईल वरदान आहे या बाजूनं बोलायला उभी राहिले. दोन-तीन वाक्यं झाली असतील, तोच त्यांनी हात वर केला. सचिवांनी कपाळाला हात लावला.

"हे वरदान देते कोण?" बाबांनी विचारलं. "आपण बनवतो, की बाहेरून आणतो? अन् आणतो, तर मग विमान आणलं तर तुझं काय बिघडते?"

मी बोटांनी माईक बाजूला सारला. त्यांच्याशी बोलायला मला तो लागत नाही.